नायलॉन ६६ अचानक का अडतो? ॲडिपोनायट्राइलविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नायलॉन ६६ या साच्यात ओतून भाग बनवायच्या प्लास्टिकच्या दाण्यांची ऑर्डर दिल्यावर 'सध्या कोट्यानेच माल मिळेल' असे उत्तर आले, तर अडचण बहुधा पॉलिमरच्या कारखान्यात नसते. ती दोन पायऱ्या मागे, ॲडिपोनायट्राइल नावाच्या बिनरंगी द्रवात असते.

या द्रवावर हायड्रोजनची क्रिया केली की हेक्सामिथिलीन डायअमीन मिळते. त्याची ॲडिपिक ॲसिडशी जोडी जमवून आधी 'नायलॉन सॉल्ट' आणि मग पाणी काढत काढत पॉलिमर तयार होतो. रासायनिक हिशेबाने १ टन नायलॉन ६६ ला सुमारे ४७८ किलो ॲडिपोनायट्राइल आणि ६४६ किलो ॲडिपिक ॲसिड लागते. बेरीज हजाराच्या वर जाते, कारण जवळपास १६० किलो पाणी होऊन बाहेर पडते. ॲडिपिक ॲसिड बनवणारे पुष्कळ आहेत. ॲडिपोनायट्राइल बनवणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

नवा कारखाना सहज का उभा राहत नाही?

मुख्य पद्धतीत ब्युटाडाईन आणि हायड्रोजन सायनाइड यांचा निकेलच्या उत्प्रेरकावर संयोग होतो. वजनाने दोन्ही जवळजवळ निम्मे-निम्मे. सायनाइड इतके घातक की ते टँकरने लांबून आणण्याऐवजी शेजारीच, नैसर्गिक वायू आणि अमोनियापासून बनवून लगेच वापरतात. म्हणजे एका कारखान्यासाठी दोन बांधायचे. उत्प्रेरकातील फॉस्फाइट नावाचे घटक पाण्याने बिघडतात, त्यामुळे कोरडेपणा काटेकोरपणे सांभाळावा लागतो. शिवाय ब्युटाडाईन हे नॅफ्था क्रॅकरचे (खनिज तेलातील नॅफ्था तापवून फोडणाऱ्या कारखान्याचे) उपउत्पादन आहे. क्रॅकर इथेन वायूवर चालवला तर ते फारच थोडे निघते, आणि क्रॅकर काही नायलॉनवाल्यांच्या सोयीने चालत नाहीत.

दुसरी वाट ॲक्रिलोनायट्राइलच्या विद्युत-अपघटनाची. अमेरिकेत अलाबामातील डेकेटर येथे ती १९६५ पासून चालू आहे. तिला ब्युटाडाईन लागत नाही. वीज मात्र भरपूर लागते.

मोठी केंद्रे मोजकीच: टेक्सासमधील व्हिक्टोरिया, डेकेटर, फ्रान्समधील शालांपे. चीन बराच काळ आयातीवर अवलंबून होता. २०२२ मध्ये शांघायला इन्व्हिस्टा कंपनीचा वर्षाला ४ लाख टनांचा आणि झीबोला तियानचेन चिशियांग कंपनीचा २ लाख टनांचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा चित्र पालटू लागले. त्याआधी २०१८ मध्ये उत्पादकांनी एकामागून एक फोर्स मेज्युअर (हाताबाहेरच्या कारणाने ठरलेला पुरवठा करू शकत नसल्याची सूचना) जाहीर केला आणि नायलॉन ६६ ची जगभर टंचाई झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याच्या थंडीने टेक्सास गोठले, तेव्हा पुन्हा तोच प्रकार.

दोन ब्रँड म्हणजे दोन स्रोत नव्हेत

दोन वेगळ्या नावांच्या बॅगा घेतल्या की धोका वाटला गेला, असा समज असतो. पण दोन्ही उत्पादक एकाच ठिकाणचे डायअमीन विकत घेत असतील तर दोघेही एकाच दिवशी हात वर करतील. म्हणून पुरवठादाराला 'पॉलिमर कुठला?' एवढेच विचारू नका, 'डायअमीन कुठले?' हेही विचारा. उत्तर लेखी घ्या.

टंचाईत कोटा साधारणपणे मागील उचलीवर ठरतो. वर्षभर स्वस्त स्पॉट माल (करार न करता त्या-त्या वेळच्या भावाने मिळणारा) घेणाऱ्याचा नंबर शेवटी लागतो, हे भावाची घासाघीस करताना ध्यानात असू द्या.

नायलॉन ६ वर जाताना

पर्यायी मालाची, म्हणजे नायलॉन ६ या जवळच्या प्रकाराची, चाचणी टंचाईआधीच करून ठेवा. नायलॉन ६६ सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतो, नायलॉन ६ सुमारे २२० ला. तेच तापमान ठेवून नायलॉन ६ चालवला तर तो जास्त पातळ होऊन फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेली पातळ कड) सुटतो, चंदेरी रेषा उमटतात. मशीनच्या बॅरलचे (माल वितळवणाऱ्या नळीचे) तापमान २४० ते २६५ च्या दरम्यान आणा. माल ८० अंशांवर किमान चार तास सुकवा, ओलावा ०.२ टक्क्यांखाली हवा. इंजिनजवळच्या गरम जागी बसणाऱ्या किंवा कूलंटमध्ये राहणाऱ्या भागांसाठी आम्ही हा बदल सुचवत नाही. नायलॉन ६ पाणीही थोडे जास्त शोषतो, त्यामुळे घट्ट बसणाऱ्या भागांची मापे ओलावा घेतल्यानंतर पुन्हा तपासा.

खरा घोळ रीग्राइंडमध्ये (दळून पुन्हा वापरायच्या टाकाऊ मालात) होतो. दोन्हींची घनता १.१४ च्या आसपास, त्यामुळे पाण्यात किंवा मिठाच्या द्रावणात टाकून काही कळत नाही. नायलॉन ६ च्या तापमानावर ६६ चे दाणे मिसळले गेले असतील तर रनर (साच्याच्या वाटेत घट्ट झालेली प्लास्टिकची काडी) मोडून पाहा: कापावर न वितळलेले पांढुरके ठिपके दिसतील. शंका असेल तर बिनभरणीच्या (काचतंतू वगैरे न मिसळलेल्या) मालाचे चार दाणे २४० अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवा. नायलॉन ६ काही मिनिटांत पसरतो, ६६ चा दाणा आकार धरून राहतो. काचतंतू भरलेला माल नायलॉन ६ चा असला तरी नीट पसरत नाही, तेव्हा त्याची डीएससी चाचणीच (वितळण्याचे तापमान मोजणारी प्रयोगशाळेतील चाचणी) करून घ्या.