द्यातलोव खिंड: अस्मानी की सुलतानी?

आतून कापलेला तंबू, बर्फातली अनवाणी पावलं, झाडाखालची विझलेली शेकोटी, हे सगळं एव्हाना पाठ झालंय लोकांना, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. १९५९ च्या फेब्रुवारीत रशियातल्या उत्तर उरल पर्वतात द्यातलोवच्या नेतृत्वाखाली ट्रेकला गेलेले ९ जण रात्री तंबू फाडून बाहेर पळाले आणि मेले, त्यातले ६ थंडीने आणि ३ जबर मार लागून. आपल्याकडे आपत्तीचे दोन प्रकार पूर्वीपासून आहेत, अस्मानी आणि सुलतानी, आणि या ९ जणांबद्दल गेल्या साठेक वर्षांत जेवढ्या थिअऱ्या निघाल्या त्या सगळ्या या दोन खणांत बसतात.

खरा घोळ एका शब्दाचा आहे. २८ मे १९५९ ला केस बंद करताना तपास अधिकाऱ्याने मृत्यूचं कारण लिहिलं 'स्तिखीयनाया सीला', आणि पुढे जोडलं की तिच्यावर मात करणं या ट्रेकर्सना शक्य नव्हतं. आता 'स्तिखीया' म्हणजे वारा, पूर, वादळ, निसर्गाचा रुद्रावतार. रशियनमध्ये नैसर्गिक आपत्तीला जो रोजचा शब्द आहे तोही यातूनच येतो. म्हणजे मराठीत सरळ 'अस्मानी' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण इंग्रजीत जाताना त्याची झाली 'अज्ञात, जबरदस्त शक्ती', तिथून ती सगळ्या भाषांत पसरली आणि मग काय, सरकारच अज्ञात शक्ती म्हणतंय म्हटल्यावर परग्रहवासीयांपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो. मूळ वाक्यात 'अज्ञात' हा शब्दच नाहीये! ज्या डोंगरावर तंबू होता त्याच्या नावाचंही तेच. तिथल्या मान्सी आदिवासींच्या भाषेतल्या खोलात स्याखीलचा अर्थ 'मेलेला डोंगर', म्हणजे जिथे शिकार मिळत नाही असा उजाड डोंगर असं साधं स्पष्टीकरण आहे, पण ते कोण ऐकतंय. आणि ते जिथे निघाले होते त्या ओतोर्तेन डोंगराचा अर्थ म्हणे 'तिकडे जाऊ नकोस', तर मान्सी लोक त्या डोंगराला चक्क हंसाच्या घरट्यावरून नाव देतात.

पण सगळा दोष भाषांतराचा म्हणून हात झटकता येत नाही, कारण ज्याने ते वाक्य लिहिलं त्यानेच १९९० मध्ये लेख लिहून सांगितलं की आपल्याला आकाशातल्या आगीच्या गोळ्यांचा संशय होता आणि वरून दबाव आल्यामुळे ते फाइलमधून काढावं लागलं. मग त्याच्या मनात नेमकं काय होतं, अस्मानी का सुलतानी? इथून सुलतानीवाल्यांना, म्हणजे लष्करी चाचणी वगैरे म्हणणाऱ्यांना, बळ मिळालं, त्यात काही कपड्यांवर किरणोत्सर्ग सापडलेला होताच. फक्त एवढंच की ज्या गोळ्यांची जास्त चर्चा होते ते १७ फेब्रुवारी आणि ३१ मार्चला दिसले होते, तोवर हे लोक जाऊन आठवडे झालेले. आणि किरणोत्सर्गाचं म्हणाल तर त्यांच्यातलाच एक जण १९५७ ला ज्या अणुप्रकल्पात मोठा अपघात झाला तिथे काम केलेला होता. हिममानवाची थिअरी तर त्यांनी स्वतःच तंबूत गंमत म्हणून लिहिलेल्या भित्तिपत्रकातून उचललीये, त्यात ओतोर्तेनजवळ हिममानव राहतात असा विनोद होता, बिचाऱ्यांना काय माहीत.

२०१९ ला रशियाच्या सरकारी वकिलांनी केस परत उघडली पण सुरुवातीलाच सांगून टाकलं की फक्त नैसर्गिक कारणंच तपासणार, ते कुटुंबीयांना खटकलं आणि खटकणारच. २०२० ला निष्कर्ष आला हिमस्खलन. आणि इथे परत शब्द आडवा आला, कारण हिमस्खलन म्हटलं की डोळ्यासमोर हिमकडा कोसळतो, गाव गाडलं जातं वगैरे, आणि मग लोक विचारतात की उतार एवढा सौम्य, तंबूचे खांब उभे, कसलं हिमस्खलन. पण मुद्दा हिमकड्याचा नव्हताच, घट्ट बर्फाच्या लादीचा होता. तंबू लावायला त्यांनी उतार कापून सपाट जागा केली, वरून वारा बर्फ आणून टाकत राहिला, आणि काही तासांनी वरची घट्ट लादी सुटली. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दोघा शास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं, लादी जेमतेम ५ मीटर लांब असली तरी पुरे, कारण झोपलेल्यांच्या पाठीखाली कडक स्की अंथरलेल्या होत्या, वरून लादी आणि खालून स्की, मधे बरगड्या. फासळ्यांवर किती मार बसेल यासाठी त्यांनी गाड्यांच्या जुन्या क्रॅश टेस्टचे आकडे वापरले. मला हे पटतं. एका शवाला जीभ आणि डोळे नव्हते त्याचं उत्तर यात नाही, पण ते शव ओढ्यात मे महिन्यापर्यंत पडून होतं हे लोक सोयीस्कर विसरतात.

शोधपथकाला स्खलनाची एकही खूण दिसली नव्हती हा आक्षेप मात्र वजनदार होता. ते पोचले २६ फेब्रुवारीला, म्हणजे साडेतीन आठवड्यांनी. २०२२ च्या जानेवारीत त्याच भागात ताज्या सुटलेल्या लाद्यांच्या खुणा दिसल्या, आणि वाऱ्याने त्या तासाभरात पुसूनही टाकल्या.