दृष्टिपटलाची जाडी आणि शरीरातले पाणी

हनुवटी टेकवून यंत्रातल्या खुणेकडे काही सेकंद टक लावून पाहिले की ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे (रेटिनाचे) थर दाखवणारी तपासणी, संपते. दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, जिथून डोळ्याबाहेर पडते, त्या चकतीभोवती सुमारे 3.4 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ कल्पून त्यावरील चेतातंतूंच्या थराची जाडी मोजली जाते आणि समवयस्क निरोगी माणसांशी ताडून ती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात छापली जाते. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या अहवालातला, ‘सारे ठीक’ सांगणारा हिरवा रंग मात्र फसवा असू शकतो.

हा थर म्हणजे दृष्टिपटलातल्या गँग्लिऑन पेशींच्या (संदेश मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशींच्या) सुमारे 10 लाख तंतूंची जुडी. निरोगी प्रौढात त्याची सरासरी जाडी 100 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जेमतेम एका केसाएवढी असते. मधुमेह आधी रक्तवाहिन्या बिघडवतो आणि चेतापेशींची पाळी नंतर येते, अशी समजूत बराच काळ होती. परंतु रक्तवाहिन्यांमधले बदल दिसण्यापूर्वीच हा थर विरळ होऊ लागल्याचे अनेक रुग्णांत आढळते.

त्यात डायलिसिसची भर पडते. दोन सत्रांच्या दरम्यान शरीरात साठलेले दोन-तीन लिटर पाणी साधारण 4 तासांत काढले जाते. दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर, म्हणजे कोरॉइड, सत्रानंतर बहुधा पातळ झालेला दिसतो आणि दृष्टिपटलाची सूजही काहींच्या बाबतीत उतरते. म्हणजे तंतू झडून थर पातळ झाला असला, तरी सुजेचे पाणी ती तूट भरून काढते आणि मोजमाप ‘नॉर्मल’ येते. जाडी आणि आरोग्य ही एकच गोष्ट मानण्यात चूक होते ती इथे.

म्हणून तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर, सत्रापासून तेवढ्याच अंतराने करावी, ती वेळ अहवालावर लिहावी (हे सहसा राहून जाते) आणि तुलना रुग्णाच्या स्वतःच्या जुन्या आलेखाशी करावी.

सत्रात रक्तदाब फार खाली गेला, तर दृष्टिचेतेच्या मुखाशी रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि रक्तक्षय असल्यास ही शक्यता वाढते. असे क्वचितच घडते. तरीही सत्रानंतर एखाद्या डोळ्याने एकाएकी, न दुखता अंधूक दिसू लागले, तर नियोजित तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना आणि डायलिसिस करणाऱ्या डॉक्टरांनाही कळवावे, कारण पुढच्या सत्रात पाणी किती वेगाने काढायचे, हे त्यांनाच ठरवायचे असते.