आतड्याचा आजार म्हणजे सिझरच? कोण म्हणतं?

नौपाड्यात मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांनी निकालच लावून टाकला: "आतडं नाजूक, तुझं सिझरच होणार. आणि त्या गोळ्या आधी बंद कर बाई." तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार. हे दोन्ही सल्ले वर्षानुवर्षं फिरतायत आणि दोन्ही चूक आहेत.

आजार आटोक्यात असेल तर बहुतेकींची नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते. सिझरचा सल्ला देतात तो मुख्यतः क्रोन्समध्ये (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) गुदद्वाराभोवती फिस्टुला (भगंदर) किंवा गळू चालू असेल तेव्हा. मोठं आतडं काढून पाउच (लहान आतड्याची आत बनवलेली पिशवी) केलं असेल, तर सर्जनला विचारून ठरवतात.

गोळ्या मनाने बंद करणं तर जास्त महागात पडतं. मेसालामाइन, अ‍ॅझाथायोप्रिन ही औषधं सहसा चालूच ठेवतात, कारण बाळाला औषधापेक्षा भडकलेल्या आजाराचा धोका मोठा: अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन. मेथोट्रेक्सेट मात्र दिवस राहण्याच्या निदान 3 महिने आधी थांबवावंच लागतं. म्हणून डॉक्टरांशी बोलणं आधी, आणि चान्स घ्यायचा तो आजार 3 ते 6 महिने शांत राहिल्यावर.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही. गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब (याच आजारावरचं, प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन) घेतलं असेल, तर बाळाला बीसीजी (टीबीची, जिवंत जंतूंची लस) निदान 6 महिने टोचत नाहीत, आणि आपल्याकडे ती जन्मल्याबरोबर टोचतात. बहिणीने फाईलवर लाल पेनाने लिहून ठेवलंय: "बीसीजी आधी विचारून!"