पोलंड–लिथुएनिया संबंध (१९१८–३८)

पहिल्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या या दोन शेजारी राष्ट्रांत व्हिल्नियस (पोलिश विल्नो) शहराच्या मालकीवरून तंटा पेटला आणि मार्च १९३८ पर्यंत त्यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापितच झाले नाहीत. लिथुएनियाचा दावा जुन्या ग्रँड डचीची (मध्ययुगीन लिथुएनियन राज्याची) राजधानी म्हणून होता, पोलंडचा लोकसंख्येवर. १८९७ च्या रशियन जनगणनेनुसार शहरात ज्यू सुमारे ४०%, पोलिश ३१% व लिथुएनियन जेमतेम २% होते. ही विभागणी मातृभाषेवरून केलेली असल्याने तिच्यावरून राष्ट्रीयत्व ठरवणे धोक्याचे आहे. सोव्हिएट रशियाने जुलै १९२० च्या तहात हे शहर लिथुएनियाचे मानले होते.

वादाचे मूळ सुवाऊकी करारात आहे. राष्ट्रसंघाच्या लष्करी आयोगाच्या देखरेखीखाली ७ ऑक्टोबर १९२० रोजी झालेल्या या कराराने पूर्वेस बास्तुनी या गावापर्यंत सीमांकनरेषा आखली. अंमल १० ऑक्टोबरच्या दुपारपासून व्हायचा होता. त्याआधीच, ८ तारखेला, पोलिश सेनापती लुत्स्यान झेलिगोव्हस्की याने बंडाचा देखावा करून कूच केले व दुसऱ्या दिवशी व्हिल्नियस घेतले. हे पाऊल पोलंडचा तत्कालीन राष्ट्रप्रमुख पिऊसुद्स्की याच्या संमतीने उचलले गेले होते, हे पिऊसुद्स्कीने स्वतःच १९२३ मध्ये जाहीर केले. लिथुएनियन इतिहासकार यास करारभंग म्हणतात. पोलिश पक्षाच्या मते करार निव्वळ लष्करी होता. करारात व्हिल्नियसचा उल्लेख नाही आणि प्रादेशिक दाव्यांना बाध येणार नाही असे कलमही आहे, हे खरे. परंतु आखलेली रेषा शहर लिथुएनियाच्या बाजूस ठेवीत होती, म्हणून पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

झेलिगोव्हस्कीने व्हिल्नियस परिसरात स्थापलेले ‘मध्य लिथुएनिया’ हे नामधारी राज्य १९२२ मध्ये पोलंडमध्ये विलीन झाले आणि मार्च १९२३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या राजदूत परिषदेने पोलंडची सीमा मान्य केली. लिथुएनियाने ती नाकारली. कौनास ही केवळ हंगामी राजधानी राहिली; १९२८ च्या संविधानातही राजधानी म्हणून व्हिल्नियसचेच नाव आहे. सीमेवर रेल्वे बंद होती, टपाल तिसऱ्या देशामार्गे जाई. सीमा ओलांडणारा लांद्वारूव–कैशियादोरिस लोहमार्ग सुरू करण्याचे बंधन लिथुएनियावर नाही, असे सल्लागार मत हेगच्या स्थायी न्यायालयाने १९३१ मध्ये दिले. तत्पूर्वी डिसेंबर १९२७ मध्ये जिनिव्हात पिऊसुद्स्की व लिथुएनियाचा पंतप्रधान व्होल्देमारास समोरासमोर आले. तेथे युद्धस्थिती संपल्याचे मान्य झाले, पण वकिलाती उघडल्या नाहीत.

ऑस्ट्रियाच्या जर्मनीतील विलीनीकरणानंतर लगेच, १७ मार्च १९३८ रोजी, पोलंडने ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता धाडला. निमित्त सीमेवर एका पोलिश सैनिकाच्या मृत्यूचे होते. मागणी विनाअट राजनैतिक संबंधांची होती; व्हिल्नियसचे नाव त्यात नव्हते. लिथुएनियाने १९ मार्च रोजी ती मान्य केली. पुढल्याच वर्षी पोलंडचा पाडाव झाल्यावर सोव्हिएट संघाने ऑक्टोबर १९३९ च्या करारान्वये शहर लिथुएनियाला दिले, तेही स्वतःचे लष्करी तळ त्या देशात ठेवून. दोन्ही राष्ट्रांचे संबंध १९९१ मध्ये पुन्हा जुळले व १९९४ मध्ये मैत्रीचा तह झाला.