रग्बीतील शिरोघात व कन्कशन : संशोधन आणि इजाप्रतिबंध

रग्बी युनियन या खेळात डोक्याला थेट बसणारे किंवा मानेवाटे डोक्यापर्यंत पोचणारे आघात, त्यांमुळे मेंदूच्या कार्यात येणारा तात्पुरता बिघाड (कन्कशन) आणि हे आघात कमी करण्याचे उपाय यांचा अभ्यास. क्रीडावैद्यक, जैवयामिकी, साथरोगविज्ञान व चेताविकृतिविज्ञान या शाखांनी तो वेगवेगळ्या वाटांनी केला आहे आणि त्यांचे निष्कर्ष सर्वत्र जुळतात असे नाही. रग्बी लीग या तेरा जणांच्या खेळाचा विचार येथे केलेला नाही.

‘कन्कशन’ या शब्दाच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘जोराने हलवणे’ असा आहे. मराठीत ‘मेंदूला हादरा’ हा त्याला सर्वांत जवळचा प्रतिशब्द. ‘मेंदूला मार’ म्हटले की त्यात रक्तस्राव व ऊतींची चिरफाडही येते, म्हणून तो शब्द येथे टाळला आहे. बेशुद्धी हे कन्कशनचे आवश्यक लक्षण नव्हे, दहांपैकी एकाहूनही कमी प्रसंगी ती आढळते. सीटी व नेहमीचे एमआरआय चित्रण बहुधा निर्दोष येते. परिणामी निदान लक्षणे, वर्तन, स्मृती व तोल यांवरूनच करावे लागते.

यंत्रणा : हादरा नेमका कशामुळे बसतो हा वाद जुना आहे. डेनी-ब्राउन व रसेल यांनी १९४१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की डोके घट्ट धरून ठेवले असता बसलेल्या तडाख्यापेक्षा ते हलू दिले असता त्याच तडाख्याने हादरा सहज बसतो. दोन वर्षांनी ऑक्सफर्डचे भौतिकीविज्ञ हॉलबर्न यांनी जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून याचे कारण सुचवले. मेंदू दाबाने जवळजवळ आकुंचन पावत नाही, परंतु त्याचे थर एकमेकांवरून घसरवायला फारच थोडे बल पुरते. सरळ रेषेतील त्वरणाने मुख्यतः दाब वाढतो, तर डोके गर्रकन फिरल्यास कवटी पुढे जाते, मेंदू मागे रेंगाळतो आणि आतले थर कातरले जातात. पुढे ओमाया व गेनारेली यांच्या माकडांवरील प्रयोगांनी या मताला बळ दिले. आज कोनीय त्वरण (डोके फिरण्याच्या वेगातील बदल) हेच प्रमुख कारण मानण्याकडे कल आहे व तो योग्य वाटतो. तरी संरक्षक साहित्याच्या बहुतेक चाचण्या अजून रेषीय त्वरणावरच बेतलेल्या आहेत, कारण ठोकळ्यावर डोक्याची प्रतिकृती टाकून ते मोजणे सोपे पडते.

कातरताणाने चेतापेशींचे लांब अक्षतंतू ताणले जातात व त्यांची पटले क्षणभर गळकी होतात. पोटॅशियम बाहेर जाते, कॅल्शियम आत शिरते, ग्लूटामेट हे चेतापेशींना उद्दीपित करणारे रसायन अवाजवी प्रमाणात सुटते. हा तोल पूर्ववत करण्यासाठी पेशीतील आयनपंपांना ऊर्जा जास्त लागते, नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. गिझा व होव्हडा यांनी २००१ मध्ये मांडलेल्या या साखळीचा व्यवहारातला अर्थ असा, की पहिल्या हादऱ्यानंतरचे काही दिवस मेंदू ऊर्जेच्या तुटीत असतो आणि त्या काळात बसलेला हलका मारही जड पडू शकतो.

याचे टोकाचे रूप म्हणजे ‘सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम’ (दुसऱ्या आघाताचा लक्षणसमूह). ही संज्ञा १९८४ मध्ये अमेरिकी फुटबॉलमधील एका मृत्यूवरून रूढ झाली. पहिला हादरा ओसरण्यापूर्वीच दुसरा बसल्यास मेंदूतील रक्तवाहिन्यांचे नियंत्रण सुटते व काही मिनिटांत जीवघेणी सूज येते, अशी ही कल्पना. मॅक्रोरी व बर्कोविक यांनी १९९८ मध्ये नोंदवलेली प्रकरणे पुन्हा तपासून अनेकांत ‘पहिला आघात’ सिद्धच होत नाही, असा आक्षेप घेतला. अशी सूज एकाच आघातानंतरही, विशेषतः मुलांत, येऊ शकते हे खरे आहे. मात्र २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शालेय सामन्यात अनेकदा मार बसूनही खेळत राहिलेला १४ वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा मृत्युचौकशीत हेच कारण नोंदले गेले. संज्ञेविषयी मतभेद असले, तरी संशय येताच खेळाडूला बाहेर काढावे हा नियम दोन्ही पक्षांना मान्य आहे.

मोजणी : इजांचे प्रमाण दर १,००० खेळाडू-तासांमागे सांगतात. एका सामन्यात ३० खेळाडू ८० मिनिटे खेळतात, म्हणजे ४० खेळाडू-तास भरतात. त्यामुळे १,००० तास म्हणजे २५ सामने. इंग्लंडच्या व्यावसायिक रग्बीत २००२ पासून चालू असलेल्या नोंदणीत २०११-१२ पासून कन्कशन ही सामन्यातील सर्वाधिक आढळणारी इजा ठरली आहे. अलीकडच्या अनेक हंगामांत तिचे प्रमाण २० च्या आसपास, म्हणजे साधारण पाच सामन्यांत चार, असे राहिले. पूर्वीचे आकडे याच्या निम्म्याहूनही कमी होते. या वाढीतला किती भाग खेळ आक्रमक झाल्याचा व किती निदान सुधारल्याचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. निदानाचा वाटा मोठा असावा.

टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला कवळून जमिनीवर पाडणे) : सर्वसाधारण समज असा, की मार बसतो तो चेंडू घेऊन पळणाऱ्याला. आकडे उलट सांगतात. टकर व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात १,५१६ सामन्यांतील डोक्याच्या तपासणीचे ६११ प्रसंग चित्रफितींवरून पाहिले. त्यांतील ४६४ टॅकलमध्ये घडले होते आणि या ४६४ पैकी ३३५ प्रसंगी तपासणी टॅकल करणाऱ्याची झाली. कमरेत वाकलेल्या टॅकल करणाऱ्यापेक्षा ताठ उभ्याचा धोका जवळजवळ दीडपट होता, कारण ताठ उभे राहिल्यास दोन्ही डोकी एकाच पातळीवर येतात. डोक्यावर डोके आपटणे हा सर्वांत वाईट प्रकार. त्याखालोखाल गुडघा व कुल्ल्याचे हाड येते.

म्हणून योग्य टॅकलची पायरीवार शिकवण हाच प्रतिबंधाचा पहिला भाग ठरतो. शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पावले आखूड करावीत, गुडघे व कंबर वाकवावी, पाठ सरळ व नजर वर ठेवावी. ज्या खांद्याने धडक द्यायची त्याच बाजूचा पाय पुढे टाकावा. डोके चेंडूधारकाच्या शरीरामागे किंवा बाजूला ठेवावे, प्रशिक्षकांच्या भाषेत ‘गाल त्याच्या कुल्ल्याला’. मग दोन्ही हातांनी कवळ घालून पायांचा रेटा चालू ठेवावा. चूक बहुधा दोन ठिकाणी होते. खेळाडू शेवटच्या क्षणी डोळे मिटून मान खाली घालतो, किंवा डोके धावणाऱ्याच्या पुढ्यात जाते आणि त्याचा गुडघा वा कुल्ला थेट कानशिलावर बसतो. थकव्याने पाय जड झाले की कमरेत वाकणे सर्वांत आधी सुटते.

नियमांनी टॅकलची उंची खाली आणण्याचे प्रयत्न मात्र सरळ यशस्वी झाले नाहीत. इंग्लंडमध्ये २०१८-१९ च्या चॅम्पियनशिप कपमध्ये (दुसऱ्या स्तरावरील व्यावसायिक संघांची स्पर्धा) मर्यादा खांद्यावरून बगलेच्या रेषेवर आणली गेली. डोके व मानेवरचे संपर्क घटले, कन्कशन घटले नाहीत. टॅकल करणाऱ्यांचे हादरे तर वाढल्याचे दिसले आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला. याचे कारण उद्‌बोधक आहे. स्क्रम-हाफकडून (घोळक्यातून चेंडू काढून देणारा खेळाडू) जवळचा पास घेणारा फॉरवर्ड (पुढच्या फळीतला खेळाडू) आधीच कमरेत वाकलेला असतो. टॅकल करणाराही वाकला, की दोन्ही डोकी पुन्हा एका पातळीवर येतात, फक्त जमिनीपासून कमी उंचीवर. उंचीचा नियम एकाच खेळाडूला लावून भागत नाही, हा यातला धडा. फ्रान्सने २०१९ पासून हौशी रग्बीत कमरेची मर्यादा घालताना दोघांनी मिळून एकाला टॅकल करण्यावरही बंदी आणली. इंग्लंडने २०२३ मध्ये हौशी खेळासाठी आधी कमरेची मर्यादा जाहीर केली, विरोधानंतर ती उरोस्थीच्या तळापर्यंत, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत, वर नेली.

व्यावसायिक पातळीवर शिक्षेचा मार्ग स्वीकारला गेला. २०२१ पासून पंचाने क्रमाने चार प्रश्न विचारायचे असतात : डोक्याला संपर्क झाला का, तो नियमभंग होता का, धोक्याची पातळी किती, आणि सौम्यतेला काही कारण आहे का (उदा. चेंडूधारक अचानक खाली वाकला). ही चौकट चेंडूधारकाच्या डोक्याचे रक्षण करते. ज्याला जास्त इजा होते त्या टॅकल करणाऱ्याला ती केवळ लाल कार्डाच्या धाकाने खाली वाकवू पाहते.

मापन : त्वचेवर चिकटवलेले वा टोपीत बसवलेले संवेदक कातडीबरोबर सरकतात व त्वरण फुगवून दाखवतात. वरचे दात कवटीला पक्के असल्याने माउथगार्डमध्ये बसवलेले संवेदक अधिक विश्वसनीय ठरले. आतील त्वरणमापक रेषीय त्वरण (‘जी’मध्ये) व घूर्णमापक कोनीय वेग मोजतो. त्यांवरून डोक्याच्या गुरुत्वमध्याशी असलेले मूल्य गणिताने काढतात. ठरावीक उंबरठा ओलांडला तरच घटना नोंदली जाते. यातील अडचणी नेहमीच्याच आहेत. माउथगार्ड सैल असेल तर जबड्याची हालचाल आघात म्हणून नोंदली जाते. ते चावणे, तोंडातून काढून मोज्यात खोचणे किंवा जमिनीवर टाकणे यांनीही खोट्या नोंदी होतात, म्हणून ते दातांवर आहे की नाही हे ओळखणारा निकटता-संवेदक लागतो व नोंदी चित्रफितीशी पडताळाव्या लागतात. न्यूझीलंडमधील ओटागो येथील हौशी खेळाडूंच्या अभ्यासात बहुतेक आघात धावणे व उड्या मारणे यांत डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांएवढे किंवा कमी आढळले. परंतु इजा सरासरीतून होत नाही, मोजक्या मोठ्या आघातांतून होते, आणि हा निष्कर्ष उद्धृत करताना हे बहुधा गाळले जाते. वर्ल्ड रग्बी या आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेने २०२४ पासून या माउथगार्डचा इशारा वरिष्ठ सामन्यांतील तपासणीशी जोडला. २०२५ च्या महिला विश्वचषकात उंबरठा ओलांडताच लाल प्रकाश देणारे माउथगार्ड वापरले गेले. कन्कशनचा असा एकच आकडा मात्र नाही : मोठ्या आघातानंतरही खेळाडू धडधाकट राहतो, लहान आघाताने हादरतो.

मैदानावरील तपासणी : २०१२ मध्ये पाच मिनिटांची तपासणी प्रयोगादाखल आली. इतक्या अल्प वेळात कन्कशन नाकारता येत नाही, असे म्हणत बॅरी ओड्रिस्कॉल यांनी आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाच्या (आताची वर्ल्ड रग्बी) वैद्यकीय सल्लागारपदाचा राजीनामा दिला. जुलै २०१३ मध्ये सिडनी येथील कसोटीत ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज स्मिथ धडकेनंतर लटपटत बाहेर गेला व पाच मिनिटांनी परतला, तेव्हा हा आक्षेप साऱ्यांना पटला. कालावधी पुढे दहा व नंतर बारा मिनिटे झाला. सध्याच्या पद्धतीत बेशुद्धी, झटके, हातपाय ताठरणे, तोल जाणे, स्पष्ट गोंधळ यांपैकी एक जरी दिसले तरी तपासणी न करताच खेळाडू त्या सामन्यातून बाद होतो. केवळ संशय असल्यास पहिला टप्पा : आपण कोणत्या मैदानावर आहोत, कोणता अर्धा चालू आहे, शेवटचे गुण कोणी मिळवले असे मॅडॉक्स प्रश्न (१९९५), दहा शब्द लक्षात ठेवून नंतर पुन्हा सांगणे, आकडे उलट क्रमाने म्हणणे, टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालणे व लक्षणांची यादी. दुसरा टप्पा सामन्यानंतर तीन तासांत, तिसरा दोन रात्री झोप झाल्यावर. लक्षणे उशिरा उमटतात, म्हणून हे शेवटचे दोन टप्पे आवश्यक ठरतात. निकाल खेळाडूच्या हंगामपूर्व गुणांशी ताडतात. हंगामापूर्वी मुद्दाम कमी गुण मिळवून ठेवणे ही ज्ञात पळवाट आहे.

परतीचा क्रम : अंधाऱ्या खोलीतील संपूर्ण विश्रांतीचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मग हलका व्यायाम, धावणे, संपर्काविना सराव, संपर्कासह सराव व शेवटी सामना. संपर्कासह सरावापूर्वी वैद्यकीय संमती लागते. लक्षणे वाढल्यास एक पायरी मागे यावे. ब्रिटनमध्ये २०२३ च्या हौशी खेळांच्या मार्गदर्शिकेनुसार २१ दिवसांआधी स्पर्धेत परतता येत नाही.

दीर्घकालीन परिणाम : मुष्टियोद्ध्यांमधील ‘पंच ड्रंक’ अवस्था मार्टलँड यांनी १९२८ मध्ये वर्णिली. आज सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी) म्हणतात त्या विकारात मेंदूच्या वळ्यांमधील खाचांच्या तळाशी, लहान रक्तवाहिन्यांभोवतीच्या चेतापेशींत टाउ प्रथिन साचते. निश्चित निदान मृत्यूनंतरच होते. स्टुअर्ट व सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची १,२३६ इतरांशी तुलना केली (२०२२). चेताऱ्हासाच्या (चेतापेशी हळूहळू नष्ट होण्याच्या) विकारांचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. मोटर न्यूरॉन रोगाचा (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींचा विकार) पंधरापट हा आकडा अल्प रुग्णसंख्येवर उभा असल्याने जपून वापरावा. २०२३ मध्ये तपासलेल्या ३१ खेळाडूंच्या मेंदूंपैकी २१ मध्ये सीटीई दिसला व कारकिर्दीच्या प्रत्येक जादा वर्षामागे शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढली. दान केलेले मेंदू बहुधा आजारी असलेल्यांचे असतात, म्हणून ३१ पैकी २१ हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही. वर्षांशी असलेला संबंध मात्र या आक्षेपाने तितकासा ढिला होत नाही. धोका निदान झालेल्या हादऱ्यांच्या संख्येपेक्षा एकूण आघातांच्या संचयाशी जोडलेला असावा, या मताकडे तो झुकतो.

सराव व साहित्य : संचयाचा मुद्दा मान्य केल्यास सरावातील संपर्क कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. वर्ल्ड रग्बीने २०२१ मध्ये आठवड्याला पूर्ण संपर्काची १५ मिनिटे, नियंत्रित संपर्काची ४० व स्क्रम (दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्या एकमेकींना रेटतात), लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू आत फेकून खेळ पुन्हा सुरू करणे) यांच्या सरावाची ३० मिनिटे अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही. बाथ विद्यापीठाने इंग्लंडच्या रग्बी संघटनेसह आखलेल्या ‘ॲक्टिव्हेट’ या सुमारे वीस मिनिटांच्या सरावात तोल, उडीनंतर जमिनीवर येणे, दिशाबदल व मानेचे व्यायाम असतात. मानेच्या व्यायामांत जोडीदार कपाळावर, डोक्यामागे व दोन्ही बाजूंनी हाताने रेटतो आणि खेळाडू मान न हलवता प्रतिकार करतो. आठवड्यातून तीन वा अधिक वेळा हा सराव करणाऱ्या शालेय संघांत कन्कशन ५९ टक्क्यांनी कमी आढळले. आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना इतका लाभ नाही. मजबूत मान डोक्याचे हिसके कमी करते हे स्पष्टीकरण पटते, परंतु सर्वांगीण समन्वयाचा वाटाही असणार.

फोमची स्क्रम कॅप कान व कातडीचे रक्षण करते. ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत (२००९) तिने कन्कशन कमी झाले नाही. नियमाने फोमची जाडी सुमारे एक सेंटिमीटरपुरती मर्यादित असते आणि इतका थर डोक्याचे गर्रकन फिरणे रोखू शकत नाही. स्क्रमच्या मानेच्या इजांबाबत न्यूझीलंडचा ‘रग्बीस्मार्ट’ (२००१) हा प्रशिक्षक व पंचांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम नमुनेदार मानतात : २००१-०५ मध्ये कण्याच्या गंभीर इजा सुमारे १९ अपेक्षित असता ८ झाल्या, स्क्रममध्ये ९ ऐवजी १.

महिलांत डोके जमिनीवर आपटून होणारे आघात प्रमाणाने अधिक दिसतात. मागे पडताना हनुवटी छातीशी टेकवण्याची सवय त्यासाठी शिकवतात. बहुतेक अभ्यास व्यावसायिक पुरुषांवर झालेले असल्याने त्यांतील उंबरठे व परतीचे कालावधी महिला, शाळकरी मुले व हौशी खेळाडूंना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.