ईस्टरची तारीख

ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. वसंतसंपाताच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या) दिवशी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरच्या रविवारी तो साजरा होतो. त्यामुळे तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान सरकत राहते. मुळात पौर्णिमेचे हे नाते यहुद्यांच्या वल्हांडणाशी, म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाशी आहे. वल्हांडण निसान महिन्याच्या पौर्णिमेला, जव पिकण्याच्या दिवसांत येतो. सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा, हे इ.स. ३२५ मध्ये ख्रिस्ती बिशपांच्या नायसिया परिषदेत ठरले.

नियमातला संपात आणि पौर्णिमा मात्र आकाशातल्या नव्हेत, कोष्टकातल्या. संपात कायम २१ मार्चला धरतात. पौर्णिमा १९ वर्षांच्या चक्रावरून काढतात. सालाला १९ ने भागून बाकीत १ मिळवला की सुवर्णांक मिळतो. २०२५ साठी बाकी ११, सुवर्णांक १२. सध्याच्या कोष्टकात त्यासमोर १३ एप्रिल आहे. त्या दिवशी रविवारच होता, म्हणून ईस्टर २० एप्रिलला आला. नवशिके इथेच चुकतात : पौर्णिमा रविवारी आली तर तो रविवार सोडायचा असतो.

भिंतीवरचे कॅलेंडर पाहून हिशेब केला तरी फसगत होते. २०१९ मध्ये भारतीय वेळेनुसार संपात आणि पौर्णिमा दोन्ही २१ मार्चच्या पहाटे-सकाळी झाल्या. आकाशाप्रमाणे ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. पण कोष्टकातली पौर्णिमा २० मार्चची, म्हणजे एक दिवस आधीची. ती बाद झाली, १८ एप्रिलची धरली गेली आणि ईस्टर २१ एप्रिलला पडला. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी आल्या. एरवीही ही पौर्णिमा बहुधा चैत्रीच असते. ती मार्चमध्ये आली तर मात्र बहुधा होळीची निघते : २०२४ ला धुळवड २५ मार्चला आणि ईस्टर ३१ मार्चला होता.

पूर्वेकडची बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या जुलियन कॅलेंडरचा २१ मार्च धरतात, जो आज ३ एप्रिलला पडतो. त्यांचा २०२४ चा ईस्टर ५ मेला झाला.

उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो : ४० उपवास आणि न मोजलेले सहा रविवार. गोव्यातला कार्निव्हल त्याच्या आधीचे चार दिवस. ईस्टर उशिरा आला, की ४९ दिवसांनंतरचा पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर जातो.

नाताळ आणि सांजाव (संत जॉन बाप्टिस्टचा सण, २४ जून) यांच्या तारखा पक्क्या. युरोपात सांजावच्या आदल्या रात्री ऐन उन्हाळ्यात शेकोट्या पेटतात. गोव्यात २४ जूनला डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून तरुण विहिरीत उड्या घेतात. पाऊस लांबला तर विहीर अर्धीच भरलेली असते, आणि उडी घेण्याआधी पाणी किती ते पाहावे लागते.