कलेची स्वायत्तता आणि समाज
'कला स्वायत्त असते, म्हणजे समाजाशी, भाषेच्या प्रश्नाशी तिचा संबंध नसतो.' बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या सीमाभागात हे वाक्य कधीकधी ऐकू येतं. ते बरोबर नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कलेच्या स्वायत्ततेची कल्पना रुजली, तेव्हा मुद्दा मूल्यमापनाचा होता: कलाकृतीचा दर्जा तिच्या उपयोगावरून किंवा उपदेशावरून ठरत नाही. विषय कुठून घ्यावा, यावर बंदी नव्हतीच.

पडताळून पाहा. जुन्या संगीत नाटकांतल्या काही पदांच्या चाली कानडी पदांवरून आल्या. चाल कुठली, हे इतिहास सांगतो. ती शब्दांना शोभते का, हे मात्र ऐकूनच ठरवावं लागतं. मग सीमाप्रश्नावरची एखादी कविता घ्या. भूमिका पटली म्हणून ती चांगली ठरत नाही, आणि भूमिका आहे म्हणून कमअस्सलही होत नाही.